ट्रू ग्रिट

ट्रू ग्रिट : वेस्टर्न ह्या प्रकारातील एक विख्यात अमेरिकन चित्रपट व त्याची उत्तरकालीन पुनर्निर्मिती. दोन्ही चित्रपट चार्ल्स पोर्टिस (१९३३–२०२०) ह्या अमेरिकन कादंबरीकाराच्या ह्याच नावाच्या कादंबरीवर (१९६८) आधारलेले आहेत. पहिला चित्रपट हेन्री हॅथवे (१८९८–१९८५) ह्याने १९६९ मध्ये दिग्दर्शित केला. त्यात जॉन वेन, किम डार्बी व ग्लेन कॅम्बेल ह्यांच्या प्रमुख भूमिका होत्या व छायाचित्रण ल्यूसियन बॅलर्ड (१९०४–८८) ह्याचे होते. दुसरा जोएल व ईथन कोएन ह्या बंधूंनी २०१० मध्ये निर्माण केला. त्यात जेफ ब्रिजेस, हेली स्टाइनफेल्ड, मॅट डेमन व जॉश ब्रोलिन ह्यांनी भूमिका केल्या. छायाचित्रणकार रॉजर डीकिन्स (१९४९–    ) हा होता. आपला चित्रपट पहिल्याची पुनर्निर्मिती नसून मूळ कादंबरीचे नवे रूपांतर आहे, असे कोएन बंधूंनी सांगितले होते. हे म्हणणे वस्तुस्थितीस धरून असले, तरी वेनच्या प्रतिमेची सावली टाळून ही कथा पडद्यावर आणणे कोणालाही शक्य नव्हते. त्यामुळे दोन्ही चित्रपटांची तुलना अपरिहार्य ठरते व दुसऱ्याचे वेगळेपण अभिनय आणि छायाचित्रण ह्या दोन अंगांत विशेष स्पष्टपणे दिसून येते.

कथा १८७० नंतरच्या दशकातील आहे. अर्कॅन्सॉ राज्यातील एका शेतकऱ्याचा त्याच्याच पदरी असलेला टॉम चेनी हा गडी फोर्ट स्मिथ ह्या गावी खून करतो व शेजारच्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे चॉक्टॉ वगैरे आदिवासी जमातींना नेमून दिलेल्या प्रदेशात, पळून जातो. शेतकऱ्याची चौदा वर्षांची मुलगी मॅटी रॉस त्याला फासावर चढवण्याच्या निर्धाराने रूस्टर कॉगबर्न ह्या एकाक्ष, दारूबाज व बंदूक चालवण्यास मागेपुढे न पाहणाऱ्या मार्शलला पैसे देऊन कामास लावते. चेनीच्याच मागावर असलेला ला बीफ हा टेक्सस रेंजर त्यांना येऊन मिळतो. ‘ग्रिट’ म्हणजे जिगर, चिवटपणा. मुलीला तो मार्शलच्या ठिकाणी हवा असतो; प्रत्यक्षात तो तिच्या ठायीच अधिक आहे, हे कथेचे मर्म होय.

हॅथवेच्या चित्रपटात हे मर्म असले, तरी चित्रपटाचे केंद्र वेन हाच आहे. चित्रीकरणाच्या वेळी तो ६१ वर्षांचा होता. स्टेजकोच (१९३९) पासून तीस वर्षे त्याने उभी केलेली निडर, अबोल व ताठ पुरुषाची प्रतिमा ह्या भूमिकेत त्याने स्वतःच थट्टेवारी नेली. सुटलेले पोट, डाव्या डोळ्यावरची काळी पट्टी, घोड्यावरून घसरून पडल्यावरही तोच आपला मुक्कामाचा तळ असल्याची बतावणी, ह्या साऱ्यांत त्याचा खट्याळपणा दिसतो. त्याला अभिनयच येत नाही हे वेनविषयीचे जुने मत मात्र ह्या चित्रपटापुरते तरी टिकत नाही. रात्रीच्या पहाऱ्याच्या वेळी सोडून गेलेल्या बायकोविषयी व मुलाविषयी तो मॅटीजवळ बोलतो, त्या प्रसंगातील त्याचा संथ, किंचित ओशाळलेला स्वर अस्सल आहे. ह्या भूमिकेबद्दल त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. तथापि वेन स्वतःवर हसतो, तेव्हा प्रेक्षकाशी त्याचा एक गुप्त करार झालेला असतो : हा म्हातारा अखेरीस बाजी मारणार, हे दोघांनाही ठाऊक असते. त्यामुळे भीती अशी कोठेच वाटत नाही.

बॅलर्डच्या छायाचित्रणाचाही रोख तोच आहे. कथा घडते तो भाग डोंगराळ असला, तरी तेथे हिमाच्छादित शिखरे नाहीत. चित्रपट मात्र मुख्यतः कोलोराडोच्या पर्वतप्रदेशात, शरद ऋतूत चित्रित झाला. पिवळ्याधमक पानांची ॲस्पेन वृक्षांची बने, निळे आकाश व मागे उंच कडे ह्यांमुळे पाठलागाला सहलीची प्रसन्नता येते. बॅलर्ड हा सामान्य कारागीर नव्हता. त्याच वर्षीच्या सॅम पेकिन्पाच्या द वाइल्ड बंच ह्या चित्रपटाचे धुळीने व रक्ताने माखलेले छायाचित्रणही त्याचेच. तेव्हा ट्रू ग्रिट मधील उजळपणा ही निवड होती, मर्यादा नव्हे. ह्या निवडीशी कथेचा बदललेला शेवटही सुसंगत आहे. कादंबरीत सर्पदंशामुळे मॅटीला हात गमवावा लागतो. हॅथवेच्या चित्रपटात हात वाचतो, मरतो तो ला बीफ. शेवटी बर्फाने झाकलेल्या स्मशानभूमीत मॅटी कॉगबर्नला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत जागा देऊ करते आणि तो घोड्यावरून कुंपण ओलांडून निघून जातो. धैर्याची किंमत तेथे कोणालाच फारशी मोजावी लागत नाही. जो मरतो त्याची आठवणही चित्रपट फार वेळ ठेवत नाही.

कोएन बंधूंनी ही किंमत परत मागितली. कादंबरी वृद्ध मॅटीच्या तोंडून सांगितलेली आहे. कोरडा, हिशेबी, बायबलच्या वळणाचा तो स्वर त्यांनी चित्रपटाच्या आरंभी व अखेरीस निवेदनरूपाने आणला व मधला सारा भाग एका प्रौढ, अविवाहित, एका हाताच्या स्त्रीची आठवण म्हणून मांडला. ह्याचा परिणाम असा झाला, की प्रत्येक पात्राचा अभिनय व प्रत्येक चित्रचौकट ही त्या मुलीला काय दिसले, ह्या कसोटीस उतरणे भाग पडले.

मॅटीच्या भूमिकेसाठी हजारो मुलींमधून निवडलेली हेली स्टाइनफेल्ड चित्रीकरणाच्या वेळी तेरा वर्षांची होती. पहिल्या चित्रपटातील किम डार्बी एकविशीत होती. तिच्या आखूड कापलेल्या केसांत व तडफदार बोलण्यात मुलाचा वेष घेतलेल्या तरुणीचा भास होतो आणि त्यामुळे तिचे धाडस लाडिक वाटते. स्टाइनफेल्डचे वयच तिच्या धाडसाला धार देते. तिच्या अभिनयातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे ती गोड दिसण्याचा प्रयत्नच करीत नाही. घोड्यांचा व्यापारी स्टोनहिल ह्याच्याशी घासाघीस करताना ती सपाट, एकसुरी स्वरात कायद्याची कलमे व आपल्या वकिलाचे नाव पुढे करते. समोरचा दमेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. हा प्रसंग लांबलचक असून त्यात दोन माणसे व एक मेज ह्यांखेरीज काहीच नाही. डेकिन मॅथ्यूजने रंगवलेला स्टोनहिल प्रथम तुच्छतेने, मग वैतागाने व अखेर जवळजवळ भीतीने तिच्याकडे पाहतो. मुलगी बदलत नाही, तिच्याकडे पाहणारा बदलतो, हेच ह्या प्रसंगातील विनोदाचे रहस्य होय. संवादांची भाषा जुनी, घडीव व संक्षिप्त रूपे टाळणारी आहे. अशी भाषा तोंडी बसवणे अनुभवी नटांनाही अवघड जाते. स्टाइनफेल्डच्या तोंडी ती पाठ केलेल्या धड्यासारखी न वाटता, मुलीने जगाशी झुंजण्यासाठी अंगावर चढवलेल्या चिलखतासारखी वाटते. बापाचे प्रेत पाहताना ती रडत नाही. मात्र त्याचा कोट अंगात घालून, मोठ्या बाह्या दुमडून ती निघते तेव्हा तिचे पोरपण एकदम जाणवते. अकादमीने ह्या मुलीचे नामांकन सहायक अभिनेत्रीच्या गटात केले. चित्रपटातील एकही महत्त्वाचा प्रसंग जिच्याविना घडत नाही, तिला सहायक म्हणणे चमत्कारिकच होते.

जेफ ब्रिजेस चित्रीकरणाच्या वेळी साठीत, म्हणजे वेनच्याच वयाचा होता. त्याने पट्टी उजव्या डोळ्यावर बांधली. पण वेनपासूनचे त्याचे खरे अंतर आवाजात आहे. प्रेक्षकाला कॉगबर्न प्रथम दिसत नाही, ऐकू येतो : शौचकूपाच्या बंद दारामागून, त्रासलेला व घोगरा. पुढे न्यायालयात तो साक्ष देत असताना मॅटी गर्दीतून वाट काढीत पुढे येते आणि माणसांच्या खांद्यांआडून तो थोडाथोडा दृष्टीस पडतो. किती माणसे मारली, ह्या प्रश्नाला उत्तर देताना ब्रिजेस आकड्यांशी खेळतो. आठवत नसल्याचा आव आणताना तो खुर्चीत जरासा खचतो व आपली लबाडी ओळखली गेल्यावर तितकाच अलिप्त राहतो. येथे नायकाचा प्रवेश नाही; सरकारी नोकरीत मुरलेल्या एका हिंस्र माणसाची जबानी आहे. वेनचा कॉगबर्न प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावतो, ब्रिजेसचा कॉगबर्न प्रेक्षकाची दखलच घेत नाही. दारूच्या नशेत मक्याच्या भाकऱ्या हवेत उडवून त्यांवर गोळ्या झाडण्याचा प्रसंग प्रथम हास्यास्पद व हळूहळू लाजिरवाणा होत जातो. मॅटी तो पाहत उभी असते आणि आपण चुकीचा माणूस निवडला, ही शंका तिच्या नजरेत येते. ह्या शंकेमुळेच अखेरची त्याची धाव मोलाची ठरते.

ब्रिजेसच्या उच्चारणाविषयी मात्र तक्रारीस जागा आहे. तो शब्द घशात घोळवतो, वाक्यांचे शेवट गिळतो. पोर्टिसच्या संवादांची लज्जत त्यांच्या काटेकोर मांडणीत असल्याने त्यांतील पुष्कळ बारकावे ह्या गुळगुळीत बोलण्यात हरवतात. पात्राच्या अंगाने हे समर्थनीय असेलही; परंतु अस्पष्टता ही वास्तवतेची खूण आहे, असा जो समज अलीकडच्या पडद्यावरील अभिनयात रूढ झाला आहे, त्याचा काही अंश येथेही उतरला आहे. बायकोमुलाची हकीकत ब्रिजेस घोड्यावरून जाताजाता, कोणी ऐको न ऐको अशा बेताने सांगतो. कल्पना चांगली आहे, पण वेनच्या त्या एका प्रसंगाची उब तिला येत नाही.

मॅट डेमनचा ला बीफ हा दोन्ही चित्रपटांच्या तुलनेत सर्वांत जास्त सुधारलेला भाग होय. गायक म्हणून लोकप्रिय असलेल्या ग्लेन कॅम्बेलला अभिनयाचा अनुभव थोडा होता व तो दिसतो. डेमनने बढाईखोर, झालरीचे जाकीट घालणारा, टाचेच्या आरा खुळखुळवणारा रेंजर उभा केला आणि त्याच्या बढाईखाली एक खरा, मानी व एकाकी माणूस ठेवला. झटापटीत स्वतःचीच जीभ चावल्यावर पुढे तो बोबडे बोलतो. तरी बोलणे थांबवत नाही. हा विनोद अभिनेत्याने मुळीच न ताणता पेलला आहे. जॉश ब्रोलिनचा चेनी पडद्यावर फार उशिरा येतो आणि येतो तो मंदबुद्धी, कुरकुऱ्या, स्वतःची कीव करणारा माणूस म्हणून. मुलीने एवढ्या दुरून ज्याचा माग काढला तो इतका क्षुद्र निघावा, हे योजनेचा भाग म्हणून पटते. नेड पेपरच्या भूमिकेत रॉबर्ट डुव्हॉल (१९६९) व बॅरी पेपर (२०१०) हे दोघेही उत्तम असून त्यांच्यात डावेउजवे करणे कठीण आहे.

रॉजर डीकिन्स हा जन्माने इंग्रज. बार्टन फिंक (१९९१) पासून तो कोएन बंधूंच्या बहुतेक चित्रपटांचा छायाचित्रणकार राहिला. ट्रू ग्रिट चे चित्रीकरण न्यू मेक्सिको व टेक्सस ह्या राज्यांत ३५ मिमी. फिल्मवर झाले. पहिल्या चित्रपटाप्रमाणे येथेही खरा प्रदेश नाहीच. परंतु डीकिन्सने निवडलेले रान हिवाळ्यातले, पर्णहीन व करड्या-तपकिरी रंगाचे आहे. पहिलेच दृश्य त्याची पद्धत सांगते. काळोखात पिवळसर उजेडाचा एक अस्पष्ट डाग दिसतो. निवेदन चालू असताना कॅमेरा अत्यंत सावकाश पुढे सरकतो, डाग स्पष्ट होत जातो आणि तो एका घराचा उजळलेला दर्शनी भाग असून पायऱ्यांपाशी एक देह पडला आहे, वरून बर्फ भुरभुरत आहे, हे कळते. हॅथवेच्या चित्रपटात हा खून आधीच्या कौटुंबिक निरोपासह प्रत्यक्ष घडताना दिसतो. येथे तो घडून गेलेला आहे. आठवणीला प्रथम रंग येतो, आकार मागाहून येतो, हे निरीक्षण एका संथ कॅमेराचलनात सांगण्याचे कौशल्य थोड्याच छायाचित्रणकारांना साधते.

अंतर्दृश्यांत प्रकाशाचा उगम नेहमी ओळखू येतो : खिडकी, कंदील, चूल. न्यायालयाच्या प्रसंगात उंच खिडक्यांतून येणारा प्रखर उजेड कॉगबर्नच्या पाठीमागून पडतो, त्यामुळे त्याचा चेहरा अर्धा छायेतच राहतो. मॅटीप्रमाणे प्रेक्षकालाही त्याला पारखण्यासाठी डोळे बारीक करावे लागतात. असाच उपयोग भाड्याच्या खोलीत ला बीफ प्रथम भेटतो तेथे केला आहे. झोपेतून जागी झालेल्या मुलीला अंधुक खोलीत एक परका पुरुष पाइप ओढत बसलेला दिसतो. प्रसंगातील धोका संवादांत नाही, प्रकाशात आहे.

बाह्यदृश्यांत डीकिन्स अंतराचा उपयोग करतो. डोंगराच्या कुशीतील झोपडीपाशी रात्री होणारी चकमक बहुतांशी वरच्या टेकडीवरून, मॅटी व कॉगबर्न जेथे दबा धरून बसले आहेत तेथून दिसते. खाली माणसे बोटभर दिसतात, बंदुकांच्या ठिणग्या उडतात, ला बीफला फास टाकून फरफटत नेले जाते. काय होत आहे ते नीट समजत नाही आणि म्हणूनच भय वाटते. लगाम दातांत धरून कॉगबर्न एकटा चार स्वारांवर चालून जातो, तो प्रसंग दोन्ही चित्रपटांचा उत्कर्षबिंदू होय. वेनच्या एका हातात रायफल व दुसऱ्यात पिस्तूल आहे. कॅमेरा त्याच्या बरोबरीने दौडतो, प्रेक्षक जणू त्याच्याच खोगिरावर असतो. डीकिन्सही मधूनमधून दोन पिस्तुले झाडीत येणाऱ्या ब्रिजेसजवळ जातो. परंतु प्रसंगाचा आरंभ व शेवट त्याने कड्यावरून पाहणाऱ्या मॅटी व ला बीफ ह्यांच्या नजरेने बांधला आहे. मोकळे कुरण, पाच ठिपके, मागाहून येणारे आवाज. पराक्रम लांबून पाहिला की त्याचा वेडेपणाही दिसतो.

मूळ कादंबरीत नसलेला एक भाग येथे आला आहे : उंच झाडाला टांगलेले प्रेत व त्यानंतर बर्फातून घोड्यावर येणारा, अस्वलाचे कातडे पांघरलेला माणूस. कॅमेरा खालून वर पाहतो तेव्हा प्रेताची उंची अशक्य वाटते. कथेला ह्या प्रसंगाची गरज नाही; तरीही येथून पुढे ओळखीचे जग मागे पडले, ही जाणीव तोच करून देतो.

अखेरचा रात्रीचा प्रवास हा छायाचित्रणाचा सर्वांत धाडसी व वादास पात्र ठरणारा भाग आहे. चेनीला मॅटी स्वतः गोळी घालते (१९६९ च्या चित्रपटात हे काम कॉगबर्न करतो), बंदुकीच्या धक्क्याने विवरात पडते व तेथे तिला साप चावतो. तिला पुढ्यात घेऊन कॉगबर्न रात्रभर तिचा लाडका घोडा पळवतो, त्याला सुरीने टोचतो, तो कोसळल्यावर गोळी घालतो व मुलीला हातांवर उचलून धापा टाकीत चालू लागतो. इतका वेळ वास्तवाला धरून असलेला प्रकाश येथे एकदम बदलतो. आकाश ताऱ्यांनी खच्चून भरलेले आहे; घोड्याची मान व मुलीचा चेहरा अशा उजेडात आहेत, की ज्याचा उगम सांगता येत नाही; क्षितिज रंगवलेल्या पडद्यासारखे सपाट आहे. हे दृश्य बनावट दिसते, असा आक्षेप घेता येईल. परंतु ज्वराने ग्रासलेली मुलगी ह्या वेळी, आधीच मेलेला चेनी पळून जात आहे, असे बरळत असते. बनावटपणा तिच्या ग्लानीचा आहे. जुन्या भक्तिगीतांच्या चालींवर रचलेले कार्टर बर्वेलचे पार्श्वसंगीत येथे पुढे येते आणि संवाद जवळजवळ थांबतात. दुकानाच्या उजेडापाशी पोचल्यावर पुन्हा बर्फ पडू लागते. आरंभीच्या दृश्यातील बापाच्या देहाशी ह्या देहाचे नाते प्रेक्षकाने जोडावे, एवढेच सुचवून चित्रपट पंचवीस वर्षे पुढे जातो. ब्रिजेसने कॉगबर्नचे प्रेम केवळ ह्याच भागात व केवळ शारीरिक श्रमांतून व्यक्त केले आहे. त्याच्या साऱ्या कामगिरीत हा तुकडा श्रेष्ठ होय.

ह्या चित्रपटातील एक उणीव प्रशंसेच्या भरात दुर्लक्षिली जाते. कथा इंडियन टेरिटरीत घडते. पण ज्यांचा तो प्रदेश, ते लोक जवळजवळ दिसतच नाहीत. फोर्ट स्मिथ येथील फाशीच्या प्रसंगी दोन गोऱ्या कैद्यांना अखेरचे बोलू दिले जाते. तिसरा, आदिवासी कैदी, तोंड उघडतो न उघडतो तोच त्याच्या डोक्यावरून बुरखा ओढला जातो. पुढे एका दुकानाच्या ओसरीवर बसलेल्या दोन आदिवासी मुलांना कॉगबर्न लाथेने खाली पाडतो. हॅथवेच्या चित्रपटात ज्याचा विचारही नव्हता तो अन्याय कोएन बंधूंच्या ध्यानात आलेला आहे, हे स्पष्ट आहे. तथापि दोन्ही प्रसंग विनोदाच्या ठेक्यावर संपवलेले आहेत आणि प्रेक्षागृहात त्यांवर हशाच पिकतो. मुलीच्या नजरेला जे खुपले नाही ते कॅमेऱ्यालाही खुपू द्यायचे नाही, हा नियम येथे चित्रपटाच्या अंगावर येतो. प्रौढ मॅटीच्या आठवणीत त्या मुलांना जागा नाही, हे खरे असू शकेल. पण त्या विस्मृतीचा भार चित्रपटाने कोठे तरी जाणवून द्यावयास हवा होता.

समारोपाच्या भागात १९०३ साली चाळिशीतील मॅटी कॉगबर्नला भेटण्यासाठी मेम्फिस येथे एका ‘वाइल्ड वेस्ट’ खेळाच्या तळावर जाते. तो तीन दिवसांपूर्वीच वारलेला असतो. जुन्या काळचे दोन दरोडेखोर तेथे सावलीत बसलेले आहेत. वेस्टर्नमधील सारे शौर्य तिकीट लावून दाखवण्याचा खेळ झालेले आहे. एलिझाबेथ मार्व्हलने ही मॅटी अवघ्या काही मिनिटांत, रिकाम्या बाहीसह, ताठ मानेने उभी केली आहे. कॉगबर्नचे प्रेत ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत आणते. हॅथवेच्या चित्रपटात जी जागा विनोदाने देऊ केली होती, ती येथे खरोखरीच भरते. शेवटच्या चौकटीत थडगे जवळ आहे व काळ्या पोशाखातील ती स्त्री पाठमोरी दूर चालत जाते. डीकिन्सचा कॅमेरा तिच्यामागे जात नाही.

पुनर्निर्मितीस प्रेक्षकांचा आश्रय मोठ्या प्रमाणावर लाभला व कोएन बंधूंच्या चित्रपटांत व्यावसायिक दृष्ट्या तो अग्रेसर ठरला. अकादमीची दहा नामांकने मिळूनही त्यास एकही पारितोषिक मिळाले नाही. छायाचित्रणाचे ऑस्कर त्या वर्षी इन्सेप्शन ह्या चित्रपटास गेले. ब्रिटिश अकादमीने मात्र डीकिन्सचा गौरव केला. डीकिन्सला पहिले ऑस्कर पुढे ब्लेड रनर २०४९ (२०१७) ह्या चित्रपटाबद्दल व दुसरे १९१७ (२०१९) ह्या चित्रपटाबद्दल मिळाले.